सल्ला हवा: नोकरी सोडून फाइन आर्ट फोटोग्राफी, पहिलं पुस्तक स्वतःच छापायचं आहे (बजेट साडेतीन लाख)

पन्हाळावारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय. आज धागा काढतोय कारण निर्णय जवळ आलाय.

वय ४३, पुण्यात विमा क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, गाव करवीर तालुक्यात. गेले काही हंगाम सुट्ट्या साठवून मी कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांवर जाऊन फोटो काढतोय. सगळं काम कृष्णधवल. लग्नं, बारशी, हॉटेलांचे मेनूकार्ड यातलं काही मला करायचं नाही. एका विषयावर दोन-तीन वर्षं काम करायचं, त्याचं पुस्तक काढायचं, सोबत सही केलेल्या मोजक्या प्रिंट विकायच्या, मग पुढचा विषय. हाच पूर्णवेळचा व्यवसाय करायचा आहे.

दोन प्रकाशकांना भेटलो. एक म्हणाले, दीडशे पानांचा मजकूर आणा, मधे आठ पानं फोटोंना देऊ. दुसऱ्यांनी सगळा खर्च माझ्याकडूनच मागितला. मग म्हटलं, स्वतःच का छापू नये?

बजेट साडेतीन लाख, त्यावर एक रुपया नाही. घरखर्चाची एका वर्षाची सोय वेगळी ठेवली आहे, तिला हात लावायचा नाही. बायको शिक्षिका आहे, मुलगी नववीत. कॅमेरा आणि लेन्स आहेत, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

प्रती किती काढाव्यात? छपाई ऑफसेट (प्लेटा करून) की डिजिटल (थेट फाइलवरून)? मजकूर मराठीत की इंग्रजीत? राजीनामा पुस्तकाच्या आधी की नंतर? ज्यांनी स्वतः पुस्तक काढलंय त्यांनी जरूर लिहा.

निकॉनप्रेमी

विषय मस्त. पण कॅमेरा कोणता ते लिहिलंच नाहीत. गुऱ्हाळात उजेड म्हणजे चुलवाणातला जाळ आणि एखादा पिवळा बल्ब. मी मागच्या वर्षी निकॉनचा झेड ८ घेतला, ४५ मेगापिक्सेल, अंधारातही फोकस असा पकडतो की विचारू नका. सोबत ५० एमएम १.८ लेन्स. पुस्तक एकदाच निघतं, जुन्या कॅमेऱ्याच्या फाइली छापून नंतर हळहळ नको. बजेट थोडं वाढवा, ईएमआयवर मिळतो. पुस्तक पुढच्या वर्षी काढा.

सदू_सांगलीकर

नोकरी सोडू नका. एवढंच लिहायला लॉग इन केलं. माझ्या मावसभावाने २०१९ साली बँकेची नोकरी सोडून स्टुडिओ टाकला, लगेच लॉकडाऊन लागला. आता परत नोकरी शोधतोय आणि या वयात कोणी दारात उभं करत नाही. मुलगी नववीत म्हणजे आता अकरावी-बारावी, क्लासच्या फिया बघितल्यात का? शनिवार-रविवार काढा की फोटो, कोण अडवतंय?

मृण्मयी_क

मी स्वतः पुस्तक काढलंय, म्हणून लिहिते. विषय कोकणातली कौलारू घरं, रंगीत, ११२ पानं, ५०० प्रती. छापखान्याने प्रूफ डिजिटल मशीनवर काढून दाखवलं, अगदी मनासारखं होतं. छपाई झाली ऑफसेटवर, आणि ठरलेल्या मॅट कागदाऐवजी ग्लॉसीवर. विचारलं तर म्हणे, "तो स्टॉक संपला मॅडम, हा त्याहून भारी आहे." कौलांचा तांबूस रंग पानापानावर जांभळट. उरलेले पैसे दिल्याशिवाय खोकी सोडायला तयार नव्हते. शेवटी दिले आणि उचलली. अजूनही अर्ध्याहून जास्त प्रती घरात आहेत, आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यामुळे वरच्या प्रतींच्या पुठ्ठ्याला बाक आलाय.

तेव्हा कागदाचं नाव, कंपनी, जीएसएम (कागदाचं वजन) हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. ज्या मशीनवर छपाई होणार त्याच मशीनवरचा एक तरी फॉर्म (बरीच पानं एकत्र छापलेला मोठा कागद) बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि ५०० प्रती काढू नका. प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो असं सगळे सांगतात, पण न विकलेल्या प्रतीचा खर्च कोणी हिशोबात धरत नाही. दोनशे पुरे.

सदू_सांगलीकर

+१ मृण्मयीताई. म्हणूनच म्हणतो, नोकरी सोडू नका.

बे_एरियातली_अनू

इतका ताप कशाला घ्यायचा? ब्लर्ब या पुस्तकं छापून देणाऱ्या साइटवर फाइल चढवायची, मागणी येईल तेवढ्याच प्रती निघतात, घरात खोकी नाहीत. आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी तिथूनच पुस्तक करून घेतलं, इकडे सगळ्यांनी कौतुक केलं. आणि मजकूर इंग्रजीच ठेवा. फोटोबुक विकत घेणारा वाचक न्यूयॉर्क, पॅरिस, टोकियोत आहे. गुऱ्हाळ हा विषय त्यांना अगदी नवा वाटेल.

पन्हाळावारा

धन्यवाद सगळ्यांना. अनू, तो हिशोब करून बघितला. मोठ्या आकाराच्या पक्क्या बांधणीच्या एका प्रतीचा खर्च आणि इकडे मागवण्याचा टपालखर्च धरला तर माझ्या नफ्याला जागाच उरत नाही. एक-दोन प्रतींसाठी ठीक आहे. निकॉनप्रेमी, फोटो बरेचसे काढून झालेत, त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रश्न खरंच नाही.

निकॉनप्रेमी

राहिलेल्या फोटोंसाठी तरी बघा. सेकंडहँडही मिळतात.

खिळेजुळारी

आयुष्य छापखान्यात गेलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

ऑफसेट की डिजिटल, हे प्रतींच्या संख्येवर ठरतं. शंभर-दीडशेपर्यंत डिजिटल, कारण प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च नसतो. तीनशेच्या पुढे ऑफसेट परवडायला लागतं. मधल्या संख्येला दोन्हीकडून कोटेशन घ्या.

पण तुमचं काम कृष्णधवल आहे, आणि लोक मार खातात ते इथे. नुसत्या काळ्या शाईत छापलं तर फोटो फिका येतो, सावलीला खोली नसते. चार रंगांत छापलं तर काळा गडद मिळतो, पण एक फॉर्म किंचित हिरवट आणि पुढचा किंचित लालसर निघतो. समोरासमोरची दोन पानं वेगवेगळ्या फॉर्ममध्ये असली तर लगेच डोळ्यात येतं. डिजिटलवरही हा धोका आहे. यावर उपाय ड्युओटोन. एक प्लेट काळ्याची, दुसरी करड्या शाईची. धूर आणि वाफ यांतले मधले टोन त्या दुसऱ्या प्लेटवर उभे राहतात. दोन प्लेटा वाचतात, पण खास शाईसाठी मशीन धुवावं लागतं आणि त्याचे पैसे लावतात, त्यामुळे खर्च तेवढ्यास तेवढा.

वाफेचा पांढरा भाग पूर्ण कोरा सोडू नका. तिथे निदान तीन-चार टक्के शाईचं टिंब राहू द्या, नाहीतर फोटोची कड कागदात विरून जाते. अनकोटेड (वर लेप नसलेला) कागद हल्ली सगळ्यांना आवडतो, हाताला छान लागतो, पण त्यावर शाई पसरते आणि सावल्या बुजतात. पडद्यावर जाळ घालणाऱ्याचा अंधारातला हात जेमतेम दिसत असेल तर छापल्यावर तो नसेलच. त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर शाई कशी दिसेल ते पडद्यावर दाखवणारी फाइल) छापखान्याकडून मागून घ्या, फाइल त्यावर तपासा, मग सावल्या उचला. घरच्या मॉनिटरचा उजेड बहुतेकांचा फार जास्त असतो, तो आधी उतरवा.

पानं १६ च्या पटीत धरा, म्हणजे ८०, ९६ किंवा ११२. बांधणी शिवणीचीच. नुसत्या गोंदावरचं पुस्तक सपाट उघडत नाही आणि दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला पट्टा आत जातो. त्या पट्ट्यात माणसाचा चेहरा कधी ठेवू नका.

आता माझा प्रश्न. डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला नमुना, केलीत का?

पन्हाळावारा

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. १४० फोटो निवडलेत, छोट्या प्रिंट भिंतीवर लावल्यात. डमी अजून नाही.

खिळेजुळारी

मग छापखान्याकडे जाण्याची घाई करू नका. १४० फोटोंचं ९६ पानांत पुस्तक होत नाही, त्याचा कॅटलॉग होतो. पंचावन्न-साठवर आणा. साध्या प्रिंट काढा, कापा, डिंकाने चिकटवा, खऱ्या आकाराचं पुस्तक हातात घेऊन पानं उलटा. डावीकडच्या फोटोशेजारी उजवीकडे काय येतं, कोरं पान कुठे हवं, हे भिंतीवर कळत नाही. तीन-चार डमी होऊ द्या. साडेतीन लाखांतला सगळ्यात कमी खर्च इथे आहे आणि पुस्तक चांगलं-वाईट होतं तेही इथेच.

मृण्मयी_क

हे शंभर टक्के खरं.

वाचक_सदाशिव

आयएसबीएन घ्यायला विसरू नका. तो नंबर मिळाला की फोटोंचा कॉपीराइट तुमच्या नावावर होतो, मग कोणी चोरू शकत नाही. एजंट पाच-सहा हजारांत काम करून देतात.

ग्रंथपाल_नाशिक

वाचक_सदाशिव, यातली एकही गोष्ट बरोबर नाही, म्हणून लिहावं लागतंय. आयएसबीएन आणि कॉपीराइट यांचा एकमेकांशी संबंध नाही. फोटोचा कॉपीराइट तो काढला तेव्हापासूनच काढणाऱ्याचा असतो, १९५७ च्या कायद्यानुसार फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन ही पुस्तकाची ओळखसंख्या. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी ती देते, अर्ज ऑनलाइन करायचा, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी मिळते, आणि फुकट मिळते. एजंटला एक पैसा देऊ नका.

दुसरं, पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. स्वतः छापणारे हे हमखास विसरतात. प्रतींच्या हिशोबात त्या चार धरा.

वाचक_सदाशिव

माझ्या मेहुण्यांनी पैसे भरूनच घेतला होता. आणि चोरी होतेच हो, मी कास पठाराचा काढलेला फोटो एका दुकानाच्या कॅलेंडरवर बघितलाय.

ग्रंथपाल_नाशिक

चोरी होते हे मान्य, त्यासाठी कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइली जपून ठेवा, तोच पुरावा. मेहुण्यांनी पैसे एजंटला दिले असणार.

रोलवाला

फाइन आर्ट म्हणताय आणि डिजिटल? मी अजून ट्राय-एक्स फिल्म वापरतो, स्वतः धुतो, स्वतः एन्लार्जरखाली प्रिंट काढतो. अशा सिल्व्हर जिलेटिन प्रिंटला जो काळा येतो तो कुठल्याही इंकजेटला येणार नाही. प्रिंट घेणारे गंभीर ग्राहक हेच विचारतात, की नेगेटिव्ह आहे का? पुढचा हंगाम फिल्मवर काढा आणि मग पुस्तकाचं बघा. रोल महाग झालेत, पण माणूस विचार करून बटण दाबतो.

रानवाटा

रोलवाला, तुमच्या प्रिंट मी बघितल्यात आणि त्या सुरेख असतात. पण जगप्रसिद्ध फोटोग्राफर सेबास्तियाव साल्गादो २००८ च्या सुमारास डिजिटलकडे वळले आणि त्यांच्या कृष्णधवल कामाला कोणी कमी लेखलं नाही. सुती कागदावर पिगमेंट शाईची इंकजेट प्रिंट आज जगातल्या मोठ्या संग्रहांमध्ये आहे.

धागाकर्त्यांसाठी मुद्दा वेगळाच. साल्गादो अर्थतज्ज्ञ होते, लंडनला आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला, १९७३ मध्ये सगळं सोडून फोटोग्राफीत आले. आपल्याकडे रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. म्हणजे उशिरा वळणं ही काही अनोखी गोष्ट नाही. फक्त साल्गादोंच्या पुस्तकांची मांडणी आणि संपादन त्यांच्या पत्नी लेलिया करत, हे सगळे विसरतात. तुमच्या फोटोंतले ऐंशी फोटो निर्दयपणे बाहेर काढणारं माणूस तुमच्याकडे आहे का? स्वतः छापताना स्वतःच संपादक होणं फार अवघड. कोल्हापूरच्या हवेत न वाढलेला, पण फोटो वाचता येणारा कोणी शोधा आणि त्याला पैसे द्या.

सदू_सांगलीकर

साल्गादो ब्राझीलचे. इथे कोण घेणार कृष्णधवल फोटोंचं पुस्तक?

रानवाटा

सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, २०१६ ला पद्मश्री मिळाली. संदेश भंडारेंनी तमाशावर केलं. दयानिता सिंग तर म्हणतात की माझी कलाकृती म्हणजे पुस्तकच, भिंतीवरची चौकट नंतर. फोटोग्राफीचा २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. लोक आहेत, सदूदादा.

कलाघोडा

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकलात का? पुस्तक दुय्यम, प्रदर्शन मुख्य. माझं झालं तेव्हा दारावरच्या वहीत शेरे लिहायला रांग होती, आणि मोठ्या पाच प्रिंट एका हॉटेलवाल्याने एकदम उचलल्या. फक्त दालन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून आजच अर्ज करा. फ्रेमा सागवानी घ्या, काच परावर्तन न होणारी घ्या, साधी काच लावली की काळ्या फोटोत लोकांना स्वतःचाच चेहरा दिसतो. खर्च चार-पाच लाख धरा, पण नाव होतं.

पन्हाळावारा

कलाघोडा, मनापासून अभिनंदन. पण माझं एकूण बजेटच साडेतीन लाख आहे.

कलाघोडा

प्रायोजक शोधा. साखर कारखाने देतील.

दत्ता_वडणगे

साखर कारखाने गुऱ्हाळाला पैसे देतील होय? ऊस कुणाकडं गेला म्हणून गुऱ्हाळं बंद पडली ते तरी विचारा.

आमच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं, वडिलांनी बंद केलं. धागा बघून राहवलं नाही. दादा, तुम्ही फोटो काढताय ते लई बेस झालं, पण चार गोष्टी सांगतो. येणारा प्रत्येक फोटोवाला रात्री येतो, जाळाचा आणि वाफेचा फोटो काढतो, गूळ चाखतो आणि जातो. काम त्याच्या आधी आणि नंतर असतंय. चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस, वाळत घालणाऱ्या बायका बघा. मळी काढताना गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, झाऱ्याकडं बघत नाही, फेसाकडं बघतो. पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो, ती ताटावर आपटून आवाज ऐकतो, मग काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवायला सांगतो. त्या वेळी कुणी बोलत नाही. वाफ्यात (गूळ निवायला ओततात त्या जागेत) गूळ ओतल्यावर तो घोटताना जी घाई होते ती फोटोत येत नाही कुणाच्या.

आणि पावसाळ्यात जावा. काहील पालथी पडलेली असते, चुलवाण ढासळलेलं असतंय, आत गवत. दसऱ्याच्या आसपास ते परत लिंपतात. हे नसलं तर पुस्तकात गुऱ्हाळ कायम पेटलेलंच दिसणार, आणि खरं तसं राहिलेलं नाही.

गुळव्याचं नाव फोटोखाली लिहा, त्याला विचारून. किती जणांना फोटोची प्रत दिली आजवर?

पन्हाळावारा

दत्ताभाऊ, फार महत्त्वाचं बोललात. फोटोच्या प्रती प्रत्येक वेळी पुढच्या खेपेला नेऊन देतो, नावं वहीत लिहिलेली आहेत. पावसाळ्यातले फोटो मात्र नाहीत, कारण सुट्टी हंगामातच घेतली. गोळीचा आवाज ऐकतानाचा एक फोटो आहे, गुळव्याची मान कलती, डोळे मिटलेले. तो मी १४० मधून काढून टाकला होता, कारण त्यात जाळ नाही. परत भिंतीवर लावला.

दत्ता_वडणगे

तो तर पहिला पाहिजे. आणि एका आधणाच्या क्रमानं लावा सगळं. रस काहिलीत पडल्यापासून ढेप कापडातून सुटेपर्यंत. वाचणाऱ्याला आपोआप कळतंय.

रानवाटा

दत्ताभाऊंनी संपादकाचं निम्मं काम केलं.

बे_एरियातली_अनू

क्रम छान आहे. पण परदेशी वाचकाला काहील, वाफा कसं कळणार? परत सांगते, इंग्रजी मजकूर ठेवाच. निदान दोन्ही भाषांत करा.

मृण्मयी_क

मीही इंग्रजीच म्हणेन. माझ्या थोड्याफार प्रती विकल्या गेल्या त्या गोव्याला आणि बंगलोरला, इंग्रजी मजकूर होता म्हणून. मराठी वाचक हातात घेतो, छान म्हणतो आणि ठेवून देतो.

निकॉनप्रेमी

इंग्रजी +१. ऑनलाइन विकायचं तर इंग्रजीच.

सीए_ठाणे

कराचं कोणीच लिहिलं नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. सुट्या फोटोप्रिंटवर आहे. खोक्यात पुस्तक आणि सही केलेली प्रिंट घालून एकाच किमतीला विकलंत तर तो मिश्र पुरवठा ठरू शकतो आणि सगळ्या रकमेवर जास्तीचा दर लागतो, म्हणून बिलात दोन्ही वेगळं दाखवा. राज्यातल्या राज्यात मालाची ४० लाखांपर्यंतची उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण करपात्र माल परराज्यात पाठवला की ही मर्यादा लागू होत नाही. म्हणजे बंगलोरला नुसतं पुस्तक पाठवा, खुशाल. प्रिंट पाठवायची तर आधी नोंदणी. नोकरीवर असतानाच हे उत्पन्न सुरू करणार असाल तर नेमणूकपत्रातलं जोडधंद्याचं कलम वाचून घ्या. खासगी कंपन्या यावर नोटिसा काढतात.

सदू_सांगलीकर

बघा, नोकरीत राहूनही त्रास आणि सोडूनही त्रास. पण पगार तरी येतो.

ग्रंथपाल_नाशिक

टपालाचं राहिलं. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलंय, शैक्षणिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर सुरू होतात, ५ किलोपर्यंत पाठवता येतं. जमिनीमार्गे जातं, वेळ लागतो, पण दीड किलोचं पुस्तक कुरिअरने पाठवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. कोपरे मात्र जाड पुठ्ठ्याने बांधा.

खिळेजुळारी

विक्रीबद्दल माझा अनुभव सांगतो. दुकानातून विकलंत तर वितरक आणि दुकानदार मिळून चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त घेतात. म्हणून छपाईखर्चाच्या तिप्पट तरी किंमत ठेवावी लागते. त्यापेक्षा आपली जुनी पद्धत बरी, प्रकाशनपूर्व सवलत. डमी तयार झाली की नावनोंदणी सुरू करा, आलेल्या पैशांवर छपाईचा आकडा ठरवा. आणि थोड्या प्रती खास करा. क्रमांक घातलेली प्रत, खोक्यात, सोबत सुती कागदावरची एक सही केलेली प्रिंट. अशा पंचवीस-तीस प्रती बाकीच्या पुस्तकाचा भार उचलतात.

मृण्मयी_क

खास प्रतींची कल्पना मला कोणी तेव्हा सांगितली नाही. उरलेल्या प्रतींसाठी आता करून बघते.

पन्हाळावारा

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं, घरी बसून कागदावर मांडलं. आता जे ठरलं ते लिहितो. बऱ्याच जणांना पटणार नाही याची कल्पना आहे.

राजीनामा दिला. पुस्तकाच्या आधीच. नोटीस तीन महिन्यांची आहे, ती संपेल तेव्हा पाऊस सुरू असेल. दत्ताभाऊंनी सांगितलेली पालथी काहील, ढासळलेलं चुलवाण, दसऱ्याचं लिंपण, हे शनिवार-रविवारच्या फेऱ्यांत मिळणार नाही. लिंपायचं कधी हे गुऱ्हाळमालक आदल्या दिवशी ठरवतो. ते फोटो नसताना पुस्तक काढलं तर ते अर्धं राहील, आणि नोकरी करून ते फोटो मिळत नाहीत. सदूदादा, काळजीपोटी बोलताय हे कळतं. वर्षाची सोय आहे आणि बायकोने हिशोब माझ्यापेक्षा दोनदा जास्त तपासलाय.

पुस्तक त्यामुळे एक हंगाम पुढे गेलं. ३०० प्रती, ९६ पानं, ड्युओटोन, शिवणीची बांधणी. कोल्हापूरच्याच एका छापखान्याने दोन लाख दहा हजार सांगितले आहेत, कागदाचं नाव कोटेशनवर लिहून घेतलंय. संपादन आणि मांडणीसाठी चाळीस हजार, तीस खास प्रतींची खोकी आणि प्रिंट पंचेचाळीस, टपाल-पॅकिंग वीस, प्रकाशनाला पंधरा. उरलेले वीस हजार डमी आणि प्रूफांना. साधी प्रत दीड हजार, प्रकाशनपूर्व अकराशे, खास प्रत पाच हजार. खास प्रती सगळ्या गेल्या आणि साध्यांपैकी एकशे ऐंशी सवलतीत गेल्या तर मुद्दल जवळजवळ निघतं. गुऱ्हाळांवरच्या ज्या माणसांचे फोटो आहेत त्यांच्या प्रती या हिशोबाबाहेर, तीनशेमधूनच, फुकट.

मजकूर मराठीत. अनू, मृण्मयीताई, तुमचा मुद्दा समजतो. परदेशी वाचकासाठी चार पानांचं सुटं इंग्रजी पत्रक घालीन. पण पानावर फोटोखाली गुळव्याचं नाव आणि कामाचं नाव असणार, आणि ते त्याला वाचता आलं पाहिजे. जहांगीरला अर्ज केलेला नाही. प्रकाशन आणि लहानसं प्रदर्शन कोल्हापुरात शाहू स्मारकला करायचा विचार आहे, गुऱ्हाळवाले तिथे येऊ शकतात.

सदू_सांगलीकर

तुमचं तुम्ही ठरवलंत, मी काय बोलणार? अजूनही मला पटलेलं नाही. पण एक प्रत माझ्या नावावर लिहून ठेवा, साधी.

कलाघोडा

जहांगीरला अर्ज करून ठेवायला काय हरकत होती? नंबर लागेपर्यंत दुसरं पुस्तकही होईल.

खिळेजुळारी

तीनशे बरोबर. छपाई होईल त्या दिवशी मशीनवर स्वतः हजर राहा. पहिल्या फॉर्मचे शंभरेक कागद जुळवण्यात वाया जातात, ते जाऊ द्या, मशीनमनला घाई करू नका. मंजूर केलेल्या कागदावर सही करा आणि तो मशीनशेजारी लावून ठेवायला सांगा, पुढचे फॉर्म त्याच्याशी जुळवून घेतले पाहिजेत. बांधणी सुरू होण्याआधी छापलेले कागद नीट वाळू द्यायला सांगा. अनकोटेड असेल तर जास्त वेळ लागतो, नाहीतर समोरच्या पानावर शाई उमटते.

पन्हाळावारा

लिहून घेतलं. पहिली डमी महिन्याअखेर तयार होईल. पुण्यात कोणाला बघायची असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, घरी या. विशेषतः ज्यांनी गुऱ्हाळ कधी बघितलेलं नाही असे दोन-तीन जण हवेत, त्यांना क्रम कळतो का ते बघायचं आहे.

निकॉनप्रेमी

मी कोथरूडला असतो, गुऱ्हाळ कधी बघितलं नाही. येतो. व्यनि केलाय.